घरातल्या ३ फुटी फिश टँकसाठी कमी वीज खाणारा पंप कोणता घ्यावा? बिल वाचवायला तो रात्री बंद ठेवला तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर मासे जगतात की मरतात ते ठरतं. नाही चालणार. घरातलं कितीही वडीलधारं माणूस सांगत असलं तरी नाही.

आमचं घर जळगावला. वर मोठे भाऊजी आणि जाऊबाई, खाली आम्ही आणि सासूबाई. मीटर एकच, बिल निम्मं-निम्मं. टँक माझा, खालच्या हॉलमध्ये, त्यात गोल्डफिश. बिल ३०० युनिटांच्या वर गेलं की वरचा दर लागतो, आणि तो महिना आला की भाऊजींचं ठरलेलं वाक्य यायचं, "ती माशांची मोटर चोवीस तास चालते, मग दुसरं काय होणार?" घरात बोलले तोवर मी ऐकून घेतलं. पण नणंदेकडच्या वास्तुशांतीला, पंगतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "हिच्या माशांचं बिल आम्ही भरतो." हातातला घास तसाच राहिला माझा.

त्यानंतर त्यांनी रात्री बातम्या संपल्या की खाली येऊन टँकचं बटण बंद करायला सुरुवात केली. ऐन मे महिन्यात. जळगावचा मे काय असतो ते खानदेशातल्या लोकांना सांगायला नको. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. वरून पाण्याची हालचाल थांबलेली. सकाळी बघावं तर मासे पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत उभे.

त्याहून वाईट प्रकार फिल्टरच्या आत चालतो. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. पंप फिल्टरमधल्या ज्या स्पंजातून पाणी फिरवतो, त्यावर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून मासे त्या पाण्यात टिकतात. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. पंप सात-आठ तास बंद राहिला की स्पंजमधला गाळ कुजायला लागतो. एका सकाळी मी फिल्टरचं झाकण काढलं तर आतून सडक्या अंड्यासारखा वास आला. तेच पाणी पंप चालू केल्याबरोबर टँकमध्ये जाणार होतं. माझा सगळ्यात मोठा, पांढऱ्या शेपटीचा मासा त्याच आठवड्यात गेला. भाऊजी म्हणाले, "उन्हाने गेला."

तेव्हा मी ठरवलं की आता तोंडाने वाद घालायचा नाही, मीटरवर दाखवायचं.

हे तुम्हालाही करता येईल. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा थोडा वेळ. फक्त पंप चालू ठेवा आणि मोबाइलवर दोन लुकलुकींमधलं अंतर मोजा. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॉट निघतात. माझ्या पंपाला ५६ सेकंद लागत होते, म्हणजे २० वॉट. चोवीस तास चालून महिन्याला १४.४ युनिट. भाऊजी बंद ठेवत होते ते तास काढले तर वाचत होते जेमतेम पाच युनिट. पाच युनिटांसाठी मासा मारला.

मग पंप बंद करून त्यांच्या खोलीतला सेट-टॉप बॉक्स तपासला. रिमोटने 'बंद' केलेला, भिंतीवरचं बटण मात्र कायम चालू. पावणेदोन मिनिटांत एक लुकलुक, म्हणजे जवळजवळ ११ वॉट, कोणी बघत नसताना. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी स्वतः मोजलं.

आता तुमचा पंप. या पंपांवर फ्रिजसारखे स्टार नसतात, त्यामुळे खोक्यावरचे तीन आकडे वाचायला शिका: ताशी लिटर, वॉट आणि एच मॅक्स, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो तो आकडा. दुकानदार फक्त पहिला दाखवतो आणि म्हणतो "मोठाच घ्या." घेऊ नका. ३ बाय १ बाय दीड फूट म्हणजे साडेचार घनफूट, १२७ लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा सोडून ११० धरा. सगळं पाणी ताशी चार वेळा फिल्टरमधून फिरलं की पुरतं, म्हणजे ४५० लिटरच्या आसपास. गोल्डफिश असतील तर थोडं जास्त, ते घाण फार करतात. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो आणि एच मॅक्सच्या उंचीवर पाणी अजिबात पडत नाही. स्पंज तुंबला की प्रवाह आणखी घटतो. म्हणून ६००-७०० चा पंप घ्या, २००० चा नाही. मग त्या आकारातले दोन-तीन पंप समोर ठेवा आणि लिटरला वॉटने भागा. ज्याचं उत्तर मोठं तो घ्या. मी बदलून ८ वॉटचा लावला, महिन्याला पावणेसहा युनिट. भाऊजींच्या 'बंद' केलेल्या सेट-टॉप बॉक्सपेक्षा कमी.

८ वॉटसुद्धा खरं तर जास्तच आहेत. ताशी ४५० लिटर पाणी अर्धा मीटर उचलायला शास्त्राप्रमाणे एक वॉटही लागत नाही. बाकीची वीज घर्षणात आणि मोटर तापण्यात जाते, आणि पंप पाण्यात बुडालेला असला की ती उष्णता थेट पाण्यात उतरते. म्हणजे उन्हाळ्यात मोठ्या पंपाचे तुम्ही दोनदा पैसे भरता, एकदा बिलात आणि एकदा टँकमध्ये बर्फाच्या पिशव्या सोडण्यात.

कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर, टँकखाली कपाटात ठेवलेला असला तरी उंचीची भीती नको. पाणी भरलेल्या नळीतून खाली जातं आणि तितकंच वर येतं, त्यामुळे पंपाला फक्त नळ्या आणि स्पंजातला अडथळा सोसायचा असतो. संपचं, म्हणजे टँकखाली ठेवलेल्या उघड्या फिल्टर-टाकीचं, तसं नाही. तिथे पाणी मोकळं खाली पडतं आणि पंपाला ते खरोखर वर चढवावं लागतं, तिथे एच मॅक्स नीट बघा.

पंपाला पंख्याचा रेग्युलेटर लावून वीज वाचवायची कल्पना आमच्याकडे एका पाहुण्यांनी मांडली होती. साध्या एसी पंपाचा वेग विजेच्या ५० हर्ट्झवर बांधलेला असतो, रेग्युलेटरने तो नुसता घरघरतो आणि तापतो. वेग कमी करायचा असेल तर कंट्रोलरवाला डीसी पंप घ्या. त्यात वेग थोडा उतरवला तरी वीज बरीच उतरते. महाग असतो. टँक लहान असेल तर त्यात पैसे घालू नका, एवढे पैसे बिलातून वसूल होत नाहीत.

आणि इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आतलं फिरणारं पातं, धुवा. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, दांड्यावर पांढरा थर चढतो आणि पंप खरखरायला लागतो. कमी पाणी फेकतो, वीज मात्र खातच राहतो. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचा, स्वच्छ धुवून परत बसवायचा. नव्या पंपाइतकाच फरक पडतो. हात घालण्याआधी प्लग काढा, आणि वायर सॉकेटच्या खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाहीत.

मासे दोन-चार छोटेच असतील तर पंपाच्या नादी न लागता स्पंज फिल्टर आणि ३-४ वॉटचा एअर पंप लावा, त्याहून स्वस्त काही नाही. मी सांगते ते गोड्या पाण्याचं आहे. समुद्री टँकला पाण्याची हालचाल कितीतरी जास्त लागते, तिथे माझे आकडे वापरू नका. आणि तुमच्याकडे हीटर असेल तर पंपाचा हिशोब करण्याआधी त्याचा करा, १०० वॉटचा हीटर थंडीत पंपाला केव्हाच मागे टाकतो.

घरच्यांशी बोलताना मात्र मीटरसमोर उभं करूनच बोला. आमच्याकडे टँकच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे आणि सेट-टॉप बॉक्स रात्री जाऊबाई भिंतीवरून बंद करतात. भाऊजींनी वास्तुशांतीतलं ते वाक्य अजून मागे घेतलेलं नाही. ज्या पाहुण्यांसमोर बोलले त्यांच्यासमोरच त्यांनी ते मागे घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.