लाकडी रेसिंग बोट: किट आता घ्यावे, बाकीचे सामान बांधणीच्या गतीने

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्राचा सारांश असा: रेडिओ कंट्रोलवर चालणारी लाकडी रेसिंग बोट किटपासून बांधायची आणि किट, मोटर, स्पीड कंट्रोलर, रेडिओ व बॅटऱ्या असे सारे सामान एकदमच घ्यायचे, असा आपला विचार आहे. एकूण खर्च आपल्या चार महिन्यांच्या बचतीइतका असून त्यातला निम्मा बोनसमधून आणि उरलेला सहा बिनव्याजी हप्त्यांत द्यायचा, तोवर मासिक गुंतवणूक थांबवायची, असे आपण ठरवले आहे. आपत्कालीन निधी मात्र सध्या जेमतेम दोन महिन्यांच्या घरखर्चाला पुरेल एवढाच आहे.

बोट अवश्य बांधावी, पण हप्त्यांवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा छंदावरचा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. हाताने बांधलेली बोट विकताना त्यात घातलेल्या श्रमांचे मोल सहसा मिळत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. तरीही महिनोन्महिने मन गुंतवून ठेवणाऱ्या कामावर स्वतःच्या बचतीतून खर्च करणे मला मुळीच गैर वाटत नाही. हरकत आहे ती पैसे देण्याच्या पद्धतीला आणि खरेदीच्या क्रमाला.

आपल्याच यादीप्रमाणे किटची किंमत एकूण खर्चाच्या एक चतुर्थांश आहे. म्हणजे तीन चतुर्थांश रक्कम अशा वस्तूंवर जाणार आहे, ज्यांतल्या बऱ्याचशा पहिले काही महिने नुसत्या पडून राहतील. लेझरने कापलेल्या प्लायच्या फ्रेम कीलवर (बोटीच्या तळाच्या कण्यावर) उभ्या करणे, त्यांवर पातळ प्लाय चढवणे, आतून-बाहेरून इपॉक्सीचे थर देऊन लाकूड पाण्यापासून सुरक्षित करणे आणि प्रत्येक थर वाळल्यावर घासणे, हे काम फावल्या वेळात सहज काही महिने चालते. एवढ्या काळात लिथियम पॉलिमर बॅटरी न वापरताही जुनी होत जाते. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टपर्यंत पूर्ण भरून ठेवला तर तो अधिकच लवकर खराब होतो, म्हणून साठवताना तो 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा लागतो. न वापरता जीर्ण होणाऱ्या वस्तूचे हप्ते भरत राहण्यात काहीच हशील नाही.

मोटर, शाफ्टची (प्रॉपेलर म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) नळी, मोटर आणि शाफ्ट जोडणारे कपलिंग आणि सुकाणूचा सर्व्हो (ते वळवणारी छोटी मोटर) मात्र डेक बंद करण्यापूर्वी हाताशी हवेत, कारण मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याचे काम वरचा भाग उघडा असतानाच नीट होते. त्यानंतर रेडिओ आणि स्पीड कंट्रोलर, आणि अगदी शेवटी बॅटरी. बॅटरीची जागा ठरवण्यासाठी ती विकत घेतलेली असण्याची गरज नसते. तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी ठेवूनही बोटीचा तोल तपासता येतो.

तीनऐवजी चार सेलची बॅटरी लावण्याचा आपला बेत मी खर्चाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा मानतो. व्होल्टेज 11.1 वरून 14.8 वर जाते, म्हणजे वाढ एक तृतीयांशच. पण तोच प्रॉपेलर तितक्याच प्रमाणात वेगाने फिरला, तर त्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि जवळपास 2.4 पट होते. तीन सेलच्या हिशेबाने घेतलेला कंट्रोलर आणि मोटर हा भार पेलतीलच असे नाही, आणि एका बॅटरीच्या हौसेपायी दोन्ही पुन्हा घ्यावी लागू शकतात. शिवाय शर्यतींच्या गटांत बोटीची लांबी, वजन किंवा बॅटरी यांवर मर्यादा असतात. ज्या गटात उतरायचे त्याचे नियम वाचल्याशिवाय मोटरही घेऊ नये.

आपल्या यादीत इपॉक्सी, रंग, बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा), बॅटरीसाठी आगरोधक पिशवी आणि एक जादा प्रॉपेलर यांचा उल्लेखच नाही; ते धरता चार महिन्यांच्या बचतीचा आकडा अपुरा पडेल. रेडिओ आणि चार्जर पुढच्या बोटीलाही चालतात, त्यामुळे तिथे थोडे अधिक खर्चायला हरकत नाही. बॅटरी आणि प्रॉपेलर हे झिजणारे सामान आहे, त्यांचा खर्च पुन्हा पुन्हा येणार हे गृहीत धरावे.

म्हणून बोनसमधून किट आणि इपॉक्सी घ्यावे. उरलेली रक्कम आपत्कालीन निधीत टाकावी. पुढे मासिक बचतीचा निम्मा भाग बोटीसाठी बाजूला काढला, तर सहा महिन्यांत यादीतले उरलेले सामान रोखीने येते आणि यादीबाहेरच्या वस्तूंना आणखी एखाददुसरा महिना लागेल. दुसरा निम्मा भाग निधी सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा होईपर्यंत त्यातच जावा. गुंतवणूक थांबवायचीच असेल, तर ती या निधीसाठी थांबवावी, बोटीसाठी नव्हे.

बिनव्याजी योजना महिनाअखेर संपते, अशी काळजी आपण व्यक्त केली आहे. ती खुशाल संपू द्यावी. अशा योजनांत प्रक्रिया शुल्क असू शकते, रोख खरेदीवरची सवलत हुकू शकते आणि एखादा हप्ता चुकल्यास दंड बसतो. टप्प्याटप्प्याने घेतल्यास, मोटर घेण्याआधीच काम मागे पडले तरी आपले फक्त किटचे आणि इपॉक्सीचे पैसे अडकलेले असतील.