विष चढतं, दृष्ट लागते, स्टन बसतो

प्रश्न असा आला आहे : ऑनलाइन खेळांत ज्याला 'स्टेटस इफेक्ट' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं? एका भाषांतरात 'स्थिती परिणाम' वाचलं, ते पटलं नाही. 'बफ' आणि 'डिबफ' यांनाही शब्द सुचवा.

पटलं नाही हे बरंच झालं. 'स्थिती परिणाम' वाचून मला तर आधी हवामान खात्याची आठवण झाली. कोशातले दोन शब्द शेजारी बसवले की त्यांचा संसार सुरू होतो असं नाही.

न खेळणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. काल्पनिक दुनियेतल्या या लढायांत तलवारीचा वार वेगळा. शत्रूला विष, गुंगी, भीती, मंदपणा असं काहीतरी ठरावीक सेकंदांपुरतं चिकटवून देणं वेगळं. तो डिबफ. आपल्या गड्याचं बळ किंवा चिलखत काही काळ वाढवलं तर तो बफ. या दोहोंना मिळून स्टेटस इफेक्ट.

माझा भाचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची क्लासिक आवृत्ती खेळतो. मूळ खेळ 2004 सालचा. एका रविवारी त्याच्या मागे वही घेऊन बसलो. कानाला हेडफोन, पलीकडे नाशिक-पुण्याची पोरं, आणि तोंडात हे : "हीलरला स्टन मार." "मला स्लो लागलाय." "बफ उतरला रे, परत दे." (हीलर म्हणजे जखमा भरून काढणारा गडी, स्टन म्हणजे काही क्षण जागीच सुन्न करणं, स्लो म्हणजे मंदपणा.) मग एकदम जोरात, "मेंढीला कुणी हात लावू नका!" या खेळात जादूगाराला एका शत्रूची मेंढी करता येते. ती बिचारी इकडेतिकडे फिरत राहते, पण कुणाचा एक चुकार फटका बसला की मेंढीचा परत राक्षस. शिवाय मेंढी असेपर्यंत तिच्या जखमा भराभर भरून येतात, म्हणजे अर्धमेल्याची मेंढी करणं हा निव्वळ अडाणीपणा. धडधाकट असलेल्याची करायची, बाकीचे चार आधी उरकायचे, मेंढी शेवटी.

वहीत पाहिलं तर नामं सगळी इंग्रजी, क्रियापदं सगळी मराठी. आणि ती क्रियापदं वाटेल तशी घेतलेली नव्हती. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं.

अंगावर येणाऱ्या अवस्थांसाठी मराठीची मांडणी फार जुनी आणि पक्की आहे. माणूस कर्ता नसतो, त्याला चतुर्थी लागते, आणि ती अवस्था बाहेरून येऊन त्याला गाठते. मला भूक लागली, त्याला चक्कर आली, तिला दृष्ट लागली. क्रियापदावरून ती कशी आली आणि कशी जाईल हेही कळतं. 'येतं' ते बहुधा आपलं आपण जातं. 'चढतं' ते पायरीपायरीने वाढतं आणि उतरवावं लागतं : विष, ताप, भांग. क्लासिकमध्ये रोगचं जहाल विष असंच पाच थरांपर्यंत चढतं. (रोग म्हणजे आपला रोग नव्हे, तो लपूनछपून सुरा मारणारा भामटा.) 'बसतं' ते झटक्यात. धक्का बसतो, वाचा बसते, दातखीळ बसते. मंत्र म्हणणाऱ्याचं तोंड बंद करणाऱ्या 'सायलेन्स'ला दातखीळ याहून नेमका शब्द मला तरी सापडला नाही. 'जडतो' तो आजार, आणि जडलेलं सहज सुटत नाही.

खेळाचे कर्तेही असाच भेद करतात. तिथे काढून टाकता येणाऱ्या बाधा चार जातींच्या : जादू, शाप, विष आणि रोग (हा मात्र आपलाच रोग). ज्याचं औषध त्यानेच द्यायचं. क्लासिकमध्ये मेज, म्हणजे तोच मेंढी करणारा जादूगार, शाप काढतो, पण विषापुढे हात टेकतो. प्रीस्टला, म्हणजे पुरोहिताला, जादू आणि रोग जमतात, शाप जमत नाही. ड्रुइड या रानातल्या मांत्रिकाला शाप आणि विष. म्हणून गट जमवतानाच बघावं लागतं, पुढच्या गुहेत काय लागणार आहे आणि ते काढणारा आपल्यात कोण आहे. इंग्रजीत या सगळ्याला सरसकट एकच 'डिस्पेल' चालतं. मराठीत विष उतरवतात, दृष्ट काढतात, करणी उलटवतात, आणि शापाला तर स्वतंत्र 'उःशाप' आहे. श्रीमंती म्हणतात ती ही.

आता बफ म्हणजे 'सुप्रभाव' आणि डिबफ म्हणजे 'दुष्प्रभाव' असं काहींनी सुचवलेलं पाहिलं. माझा विरोध आहे. कारण हाक्कार.

झुल'गुरूब नावाच्या जागी हाक्कार हा रक्तपिपासू देव बसलेला आहे. ठरावीक वेळाने तो समोरच्या सगळ्यांचं रक्त शोषतो आणि स्वतःच्या जखमा भरून घेतो. यावर तोड काय? त्याच्या आधी त्याचा एक सर्प मारायचा, त्याच्या विषारी रक्ताच्या लोटात सगळ्यांनी जाऊन उभं राहायचं आणि विष मुद्दाम लावून घ्यायचं. मग हाक्कार रक्त शोषतो ते विषासकट, आणि इजा त्यालाच होते. विषकन्येचीच युक्ती. अशा वेळी एखाद्या कनवाळू गड्याने विष उतरवलं तर सगळा डाव बिघडतो. इथे विषाला दुष्प्रभाव म्हणणार कसं?

याच हाक्कारची दुसरी बाधा दूषित रक्ताची, आणि ती शेजाऱ्यालाही लागायची. सप्टेंबर 2005 मध्ये शिकाऱ्यांच्या पाळीव जनावरांबरोबर ती तिथून बाहेर आली आणि खेळातल्या शहरांत साथ पसरली. नवखे खेळाडू क्षणात मरत होते, रस्त्यांवर सांगाड्यांचा खच. पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनीही या प्रकारात लक्ष घातलं. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये : 'लागणे'पासूनच तर 'लागण' झाली.

तेव्हा माझी शिफारस. डिबफला 'बाधा'. विषबाधा, भूतबाधा आपल्याकडे आहेतच, आणि क्रियापदही तयार मिळतं : दही बाधतं तसा स्टन बाधतो. बहुतेक मोठ्या राक्षसांना तो बाधत नाही, हेही 'प्रतिरक्षित' वगैरे न म्हणता सांगता येतं. बफला साधं 'बळ'. 'वर' टाळा, नवरदेव आडवा येतो. आणि दोहोंना मिळून 'अंमल'. शब्द मूळचा अरबी, पण आपल्याकडे त्याला दोन अर्थ मुरलेले आहेत : राज्य आणि नशा. दोन्ही काही काळ चालतात आणि मग उतरतात. चांगलं की वाईट हे तो शब्द ठरवत नाही, त्यामुळे हाक्कारचं विषही त्यात मावतं. एकाच खेळाडूला लागोपाठ स्टन मारला तर दुसऱ्यांदा अंमल निम्मा, तिसऱ्यांदा चतकोर, चौथ्यांदा काहीच नाही. त्याला 'कोडगा झाला' म्हणा, कुणालाही कळेल.

जुन्या काळी एका शत्रूवर एका वेळी आठच बाधा मावत, पुढे सोळा झाल्या. चढाईला जाणारे मात्र चाळीस. पाट आठ आणि पंगत चाळिसांची. कुणी हौसेने फुटकळ विष टाकलं की चिलखत फोडणारी कामाची बाधा पाटावरून उठायची, आणि त्यावरून भांडणं व्हायची.

आपल्याकडे हे नवीन नाही म्हणून छाती फुगवायची गरज नाही, पण विराटपर्वातला प्रसंग आठवतोच. एकटा अर्जुन, समोर सारे कौरव. तो संमोहनास्त्र सोडतो, सगळे जागीच मूर्च्छित, आणि उत्तर रथातून उतरून त्यांची वस्त्रं गोळा करतो. मात्र भीष्मांपासून जपून राहा, त्यांना या अस्त्राचा तोडगा माहीत आहे, हे अर्जुन त्याला आधीच बजावतो.

'डिस्पेल'ला मी भाच्याला 'उतारा' दिला होता. विषावर उतारा, चौकात टाकतात तोही उतारा. त्याच्या गटात दोन आठवडे "उतारा मार, उतारा मार" चाललं. मग एकाने विचारलं, सातबाराचा का? तेव्हापासून पुन्हा डिस्पेल.