नवी बॅटरी टाकूनही गाडीची बॅटरी उतरते. अल्टरनेटर बदलावा का?

आपण लिहिले आहे की २०१४ सालची पेट्रोल गाडी घेऊन आपण गेल्या वर्षी बदलीवर नाशिकहून ग्वाल्हेरला आलात, चार महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली, तरीही आठवड्यातून एखाद्या सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक होते, आणि आता मेकॅनिक अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग, बदलायला सांगतो आहे. तो कदाचित बदलावाही लागेल. पण मोजल्याशिवाय बदलू नका. मी ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात राहतो आणि याच दुखण्यापायी मी एक धडधाकट अल्टरनेटर उघडून घेतला आहे व दोन बॅटऱ्यांचे पैसे मोजले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक साधा डिजिटल मल्टीमीटर विकत घ्या. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे बोनेट सकाळी उघडा आणि किल्ली न फिरवता बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज पाहा. १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते म्हणजे ठीकच आहे, हा समज मी शिकल्यासवरल्या माणसांतही पाहिला आहे. त्यानंतर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. भरलेली बॅटरी त्या क्षणी ९.६ च्या खाली घसरत असेल, तर दोष तिच्यातच आहे. बहुधा एखादा सेल बसला आहे.

आता इंजिन चालू ठेवून पाहा. त्याच खुंट्यांवर साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवे, आणि हेडलाइट, ब्लोअर व मागच्या काचेचा हीटर लावल्यावरही ते १३.५ च्या फार खाली जाऊ नये. आकडा १५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो बॅटरीतले पाणी उकळून संपवतो. आकडा बंद गाडीइतकाच राहिला तर चार्जिंग होतच नाही: बेल्ट सैल आहे का, मुख्य फ्यूज उडाला आहे का, आणि किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का, हे पाहा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. बल्ब गेला की चार्जिंगही जाते. काही नव्या गाड्यांत संगणक स्वतःच व्होल्टेज कमीजास्त करतो, तिथे अधूनमधून १२.८ दिसणे हा दोष नव्हे.

इथवर बहुतेक मेकॅनिक येतात आणि थांबतात. माझ्या २००६ सालच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर जेमतेम १३.२ मिळत होते. पडावजवळच्या मेकॅनिकने मीटर न लावताच “भाईसाहब, डायनमो गया आपका” असे सांगितले; डायनमो म्हणजे त्यांच्या बोलीत अल्टरनेटरच. अल्टरनेटर उघडला, कार्बन म्हणजे आतले ब्रश बदलले, तरी आकडा हलेना. मग मी बॅटरी बदलली. ती पाच महिन्यांत तशीच मरगळली, तेव्हा दुसरी आणली. शेवटी एका रविवारी मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड तारेच्या नटावर ठेवली आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर. इंजिन चालू, दिवे चालू. आकडा आला ०.०९ व्होल्ट, म्हणजे तो रस्ता स्वच्छ होता. मग एक तार अल्टरनेटरच्या उघड्या धातूच्या अंगावर आणि दुसरी निगेटिव्ह खुंटीवर ठेवली, तर आकडा आला १.०५. तिथे ०.२ च्या वर काही असता कामा नये. म्हणजे अल्टरनेटर बिचारा १४.३ व्होल्ट तयार करत होता आणि त्यातला एक व्होल्ट परतीच्या वाटेवर, अर्थिंगमध्ये म्हणजे इंजिन आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी यांच्यामधल्या जोडणीत, नुसती उष्णता होऊन जात होता.

वर्षभरापूर्वी क्लचप्लेटच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवला होता. तो परत चढवताना अर्थिंगच्या जाड तारेचा बोल्ट अर्ध्या आट्यांवरच सोडून दिलेला होता आणि तारेच्या टोकाखाली हिरवट गंज साचला होता. पॉलिशपेपरने दोन्ही बाजू घासून धातू चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळला, आणि तोच आकडा ०.०६ वर आला. त्या वर्षात एक्सिलरेटरची केबल दोनदा जाम का झाली होती, तेही मला त्या दिवशी कळले: सेल्फचा प्रवाह दीडदोनशे अँपिअरचा असतो, त्याला जाड तार मिळाली नाही की तो केबलसारख्या आडवाटेने जातो आणि ती तापवतो.

ही चाचणी करताना बाही आणि बोटे बेल्टपासून दूर ठेवा, आणि अल्टरनेटरच्या त्या नटाला पान्याने किंवा तारेने गाडीच्या धातूशी जोडू नका, कारण तो बॅटरीला थेट जोडलेला असतो. मीटर नसेल तर अर्थिंगपुरती सोपी युक्ती अशी, की जंपर केबलचे एक टोक निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरे थेट इंजिनच्या लोखंडाला लावावे. तेवढ्याने सेल्फ जोरात फिरू लागला तर चोर सापडला. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून “डायनमो तपासण्याची” जुनी पद्धत मात्र कोणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि गाडीतले संगणक जळू शकतात.

हे सारे ठीक निघाले, तर उभ्या गाडीत वीज गळते आहे का ते पाहावे लागेल. निगेटिव्ह तार काढून ती तार आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेतून जोडा, दारे बंद करून अर्धा तास थांबा; ५० मिलिअँपिअरपर्यंत चालते. अर्धा अँपिअर दिसला तर हिशोब सरळ आहे: दिवसाला १२ अँपिअर-तास, म्हणजे आपली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत कोरडी. एकेक फ्यूज काढत गेलात की चोर सापडतो. डिकीतला न विझणारा दिवा आणि बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम हे नेहमीचे संशयित. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, उलटा गळत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा मात्र आपला मेकॅनिक बरोबर ठरेल. तसे झाले तरी आख्खा अल्टरनेटर बदलण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो उघडून पाहायला सांगा, कारण डायोड प्लेट, रेग्युलेटर आणि कार्बन पुष्कळदा सुटे मिळतात.

मुलांना शाळेत सोडण्यापुरतीच गाडी फिरते म्हणून बॅटरी उतरत असेल का, असेही आपण विचारले आहे. सेल्फ दोन सेकंद फिरला तर जाणारी वीज एक अँपिअर-तासाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, ती काही मिनिटांत भरून निघते. खरी अडचण ही की शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश, काही तास घेऊन भरते, आणि तेवढा वेळ आपली गाडी चालतच नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो. त्यात ग्वाल्हेरचे ऊन पंचेचाळिशी ओलांडते. नाशिकहून आलेल्या बॅटरीला ते सोसवत नाही. ती मरते मे-जूनमध्ये आणि कळते जानेवारीच्या धुक्यात. आपली पहिली बॅटरी अशीच गेली असावी. दुसरीबद्दल मात्र मला अर्थिंगचाच संशय आहे, विशेषतः अलीकडे क्लचचे किंवा गिअरबॉक्सचे काम झाले असेल तर.

दोष सापडून दुरुस्त झाला तरी चार महिने अर्धपोटी राहिलेली ही बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका. ती काढून बाहेरच्या चार्जरवर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे साडेतीन अँपिअरने, हवेशीर जागी रात्रभर लावा, चार-पाच तास तशीच राहू द्या आणि मग पुन्हा मीटर लावा. तेव्हाही ती १२.४ च्या वर टिकली नाही, तर वॉरंटीचे कार्ड घेऊन दुकानात जा.