'आपण'मध्ये कोण कोण येतं?

सोलापूरच्याच एका वाचकाचा प्रश्न आहे. कंपनीच्या प्रशिक्षणात त्यांना सांगितलं गेलं, "पाश्चात्त्य माणूस 'मी'चा विचार करतो, आम्ही भारतीय समूहाचा करतो, मराठीतला 'आपण' हाच त्याचा पुरावा." हे खरं का? आणि 'आपण कुणाला भीत नाही' असं 'मी'च्या जागी 'आपण' म्हणणं बरोबर का?

आधी त्या 'आम्ही भारतीय'चं बघू. समोर भारतीयच बसलेले असताना 'आम्ही' कसलं? हिंदीतला 'हम' उचलून मराठीत ठेवायची ही खोड आता बातम्यांत, भाषणांत, सत्कारांत रोज कानावर येते. 'आम्ही सर्व सोलापूरकरांनी शहर स्वच्छ ठेवलं पाहिजे' असं सोलापूरकरांनाच सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला गावाबाहेर काढतो. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. शाळेत जायच्या आधीच पोरांना कळणारा हा भेद माइक हातात आल्यावर विसरायचं कारण नाही.

आदरार्थी 'आपण' सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. संस्कृत 'आत्मन्'ची प्राकृतात दोन रूपं झाली, 'अत्ता' आणि 'अप्पा'. यातल्या दुसऱ्या घराण्यातून 'अप्पण' आणि पुढे 'आपण'. म्हणजे ज्याचा अर्थ 'स्वतः', तोच शब्द चालत चालत 'मी आणि तूसुद्धा' इथवर आला! वेदात आत्मन् म्हणजे श्वासही. जर्मन लोक श्वास घेण्याला आजही 'आट्मेन' म्हणतात, तो याचाच भाऊबंद. 'आपोआप', 'आपण होऊन' यांत 'स्वतः' हा जुना अर्थ शाबूत आहे. आणि 'आपुलकी' व 'आपलपोटा' हे दोन्ही शब्द याच मुळाचे. 'आपला' हा 'आप्त'वरून आला असं काही जण ठासून सांगतात, ते साफ चूक आहे. 'आप्त' 'आप्' धातूचा, म्हणजे गाठणे, मिळवणे. त्याचा आत्म्याशी संबंध नाही.

आता माझा आवडता मुद्दा. ऐकणाऱ्याला धरून एक 'आपण' आणि त्याला वगळून एक 'आम्ही', ही जोडी संस्कृतात नाही, रोजच्या हिंदीत नाही, मराठी-गुजरातीत आहे. आली कुठून? सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीत, एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर पाळी सुटताना उभे राहा. 'मनं पोदां' म्हटलं तर तुम्हीही चला. 'मेमु पोतुन्नां' म्हटलं तर ते निघाले, तुम्ही नाही. तेलुगूतले 'मनं' आणि 'मेमु' हेच आपले 'आपण' आणि 'आम्ही'. शब्द संस्कृतातून, पण त्याला बसवलेला साचा द्राविडी शेजाराचा, असं माझं ठाम मत आहे. बरेच भाषातज्ज्ञही हेच म्हणतात. ज्यांना मराठीत द्राविडी काही निघालेलं खपत नाही, त्यांनी संस्कृतात नसलेला हा साचा मराठीत कुठून आला ते सांगावं.

पण म्हणून 'आपण' हा समूहवृत्तीचा पुरावा ठरत नाही, आणि हेही सोलापुरातच दिसतं. कन्नडमध्ये दोन्हींना एकच 'नावु'. मग सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजामागे चालणारे कन्नडभाषक व्यक्तिवादी झाले का? जपानीतही हा भेद नाही, आणि 'परस्परावलंबी स्व'चं ठळक उदाहरण म्हणून हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये जपानच घेतला. त्यांच्या मते तिथं 'मी' नसतो असं नाही. 'मी'च्या व्याख्येतच नातीगोती येतात. 'आत्मन्'चा 'आपण' झाला त्याच्याशी हे किती जुळतं! 'कलेक्टिव्हिझम'साठी वापरल्या जाणाऱ्या 'समूहवाद' या प्रतिशब्दात ते पार हरवतं, कारण त्यात माणूस कळपात विरघळल्यासारखा वाटतो.

प्रशिक्षकांच्या तक्त्यांमागे बहुधा हेर्ट होफ्स्टेड हे डच समाजमानसशास्त्रज्ञ असतात. आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून १९८० मध्ये त्यांनी व्यक्तिवादाचा निर्देशांक मांडला. त्यात अमेरिका ९१, भारत ४८, जपान ४६. भारत मधोमध आहे! 'आम्ही भारतीय समूहाचे' हे वाक्य त्या आकड्यांवरही उभं राहत नाही.

विचारायला हवं ते वेगळंच: 'आपण'मध्ये कोण कोण येतं? भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव सांगून झालं तरी घरमालकीणबाई विचारतात, "म्हणजे तुम्ही आपल्यातलेच ना?" या 'आपल्यात' शहर नाही, भाषा नाही, जात आहे. उत्तर मनासारखं नसेल तर पुढचं वाक्य 'आमच्यात'ने सुरू होतं: "आमच्यात मटणाचं चालत नाही." एका जिन्यावर, दोन वाक्यांत, 'आपण'चं दार उघडून बंद झालं. समूहाला धरून राहणाऱ्या समाजांत आतल्यांना एक वागणूक आणि बाहेरच्यांना दुसरी, हे या विषयाचे अभ्यासकही सांगतात. मला त्याचा राग येतो, कारण ऐकणाऱ्याला आत घेण्यासाठीच असलेला शब्द त्याला पारखायला वापरला जातो.

राहिलं 'आपण कुणाला भीत नाही'. बोलताना खुशाल म्हणा. 'स्वतः' या मूळ अर्थाशी ते जवळचंच आहे. अर्जात मात्र 'मी' लिहा, तिथं 'आपण' म्हणजे समोरचे साहेब.