माळवदाखाली जिप्सम बोर्ड लावण्याआधी

कसब्यातलं तुझं घर माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छत, तेव्हा बोर्ड आणायच्या आधी शिडी लावून वर चढ. पांढऱ्या मातीचा थर कुठे खचलाय, पन्हळ कुठे तुंबलीय, बघ. मृग लागायच्या आत ते नीट झालं नाही तर खालचं सगळं काम वाया. जिप्समला ओल सोसत नाही.

मग तुळया अन् कड्या टोचणीने टोच. टोचणी सहज आत गेली की वाळवी समज, आणि ते लाकूड आधी बदल. ४ बाय ६ फुटांचा, साडेबारा मिलिमीटरचा एक बोर्ड जवळपास १९ किलोचा असतो. माझ्या पहिल्या कामात लाकूड तपासलं नव्हतं. एका पावसाळ्यात कोपरा खाली आला. त्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं, पण आजही आठवलं की जीव धसकतो.

जुन्या कड्या एका पातळीत कधीच नसतात. जीआय चॅनेलचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांचा, सांगाडा कर, पातळी पाण्याच्या नळीने घे. स्क्रूचं डोकं बोर्डावरचा कागद फाडून आत जाऊ देऊ नकोस, पकड तिथेच सुटते. सांध्यावर टेप हवीच.

भिंतीचा चुना बोटाने वाजवून बघ. पोकळ वाजेल तेवढाच काढ आणि चुन्यानेच भर. सिमेंट लावलंस तर ओल आत कोंडते.

आणि छताला हात जाईल एवढी एक झडप ठेव. दर पावसाळ्यात बॅटरी घेऊन माळवदाची खालची बाजू बघत जा.