वेली गुलाब लावताय? आधी भिंत बघा

सोलापुरात पश्चिमेची भिंत नकोच. एप्रिल-मेमध्ये ती तव्यासारखी तापते, कळ्या करपतात आणि वासही उडून जातो. पूर्वेची भिंत निवडा, रोप तिच्यापासून फूटभर लांब लावा. सुगंधासाठी ‘क्लाइंबिंग क्रिम्सन ग्लोरी’ उत्तम.

खड्डा दोन फुटी. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून काळी माती, तांबडी माती आणि जुनं शेणखत समसमान घ्या, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कलमाचा डोळा (कलम जोडलेली गाठ) मातीच्या दोन इंच वर हवा. त्याखालून येणारा फुटवा जंगली, तो मुळापासून उपटा.

सगळ्यांची चूक एकच: ऑक्टोबरात इतर गुलाबांबरोबर हाही छाटतात. पहिली दोन वर्षं लांब फांद्यांना कात्री लावू नका, नाहीतर मूळच्या झुडपी गुलाबातून निघालेल्या या वेलाचं पुन्हा झुडूप होऊ शकतं. उभी फांदी फक्त शेंड्याला फुलते. ती कोवळी असतानाच हळूहळू आडवी वाकवून सुतळीने सैल बांधा, मग डोळ्याडोळ्यातून फुटवे येऊन फुलं लागतात.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या? लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणारं लोहखत) लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम, संध्याकाळी फवारा.