जळगावात बीएस्सी ऑनर्सला आहे. वर्गाबाहेर काय करता येईल?

मार्क चांगले आहेत ना, मग आता मळ्यात उतर. माझ्या एका विद्यार्थिनीने रावेरकडच्या केळीच्या बागेत पानांवरचे करप्याचे ठिपके दर रविवारी मोजले. वहीची पानं चिकाने डागाळली, पण त्याच नोंदींवर तिचा प्रकल्प उभा राहिला. असा प्रकल्प घेऊन विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत उतरता येतं. पुढे राज्यपातळीही आहे. शिवाय भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप बघ: दोन महिने नामांकित संस्थेत काम, तेही मानधनासह. अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून सरांशी आतापासूनच बोलत जा. इंग्रजीची भीती वाटते म्हणून अर्ज राहू देऊ नकोस. आधी मराठीत लिही, मग सरांसोबत बसून इंग्रजीत कर.